कोतवालाला नेमलं कोणी?

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. अमेरिकन रेडिओवर एके काळी काउबॉयच्या श्रुतिका लागायच्या. त्यांत न्याय आणि भ्रष्टाचार कसा दिसायचा, हे आज बघू. पण शेवटी आपण पुण्याला पोहोचणार आहोत, १७९१ सालच्या पुण्याला. तेव्हा थोडा धीर धरा.

मी बोलतोय चेन्नईतल्या नुंगंबाक्कममधून. इथल्या कॉलेज रोडवर हवामान खात्याचं केंद्र आहे, त्यामुळे पावसाच्या दिवसांत बातम्यांमध्ये ‘नुंगंबाक्कम’ आणि ‘मीनंबाक्कम’ ही दोन नावं हमखास येतात. नुंगंबाक्कमला किती पाऊस झाला हे कुणी सांगितलं, तर मी खिडकी उघडून ते पडताळू शकतो. पण रेडिओ जेव्हा न्यायाची गोष्ट सांगतो, तेव्हा खिडकी कुठली उघडायची? माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

जानेवारी १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड या केंद्रावर ‘द लोन रेंजर’ सुरू झाली. केंद्राचे मालक जॉर्ज ट्रेंडल, मुख्य लेखक फ्रॅन स्ट्रायकर. कथेचं मूळ असं: कायद्याचे रक्षक असलेल्या रेंजरांची एक तुकडी फितुरीमुळे घेरली जाते, सगळे मारले जातात आणि एकच वाचतो. तो तोंडावर मुखवटा चढवतो आणि न्यायासाठी फिरत राहतो. म्हणजे सुरुवातच विश्वासघातातून होते. ही मालिका कशी लिहायची याचे नियम ठरलेले होते. नायक दारू पिणार नाही, गोळी झाडली तरी समोरच्याला नि:शस्त्र करण्यापुरतीच. आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम हा, की गुन्हेगार कधीही हेवा वाटावा अशा श्रीमंतीत किंवा सत्तेत दाखवायचा नाही.

हेतू चांगलाच होता. ऐकणारी मुलं होती, त्यांना गुन्हेगारीचं आकर्षण वाटू नये. पण या नियमाचा दुसरा परिणाम बघा. श्रीमंत आणि सत्ताधारी माणूसच जर गुन्हेगार दाखवायचा नसेल, तर भ्रष्टाचार दाखवणार कसा? उरतात ते फक्त डोंगरात लपलेले दरोडेखोर.

मग २६ एप्रिल १९५२ ला सीबीएसवर ‘गनस्मोक’ आली. निर्माता नॉर्मन मॅकडॉनेल, लेखक जॉन मेस्टन, आणि मार्शल मॅट डिलनचा आवाज विल्यम कॉनरॅडचा. ही मोठ्यांसाठीची मालिका होती. सुरुवातीला तिला प्रायोजक नव्हता, सीबीएस ती स्वतःच्या खर्चाने चालवत होती, आणि त्या काळात लेखकांना बरीच मोकळीक मिळाली. डिलन बऱ्याचदा उशिरा पोहोचतो. कधी निरपराध माणूस मरतो आणि डिलनच्या हातात काहीच उरत नाही. एका भागात तर माणसं मारून मारून विटलेला डिलन नोकरीच सोडतो, आणि पुढे नाइलाजाने पुन्हा मार्शलचा बिल्ला छातीवर लावतो. १८ जून १९६१ पर्यंत ही मालिका रेडिओवर चालली.

डिलनचं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं मला विचाराल तर मी बंदूक म्हणणार नाही. खवळलेला जमाव कैद्याला फासावर लटकवायला येतो, तेव्हा तुरुंगाच्या दारात उभं राहणं हे त्याचं खरं काम. कैदी दोषी असेलही, पण त्याचा निवाडा कोर्टात होईल, रस्त्यावर नाही. ही गोष्ट पुण्याला पोहोचल्यावर आपल्याला लागणार आहे.

आता खऱ्या डॉज सिटीकडे वळू. ‘गनस्मोक’ घडते ते गाव नकाशावर आहे, कॅन्सस राज्यात. तिथे १८८३ च्या वसंतात जे झालं त्याला ‘डॉज सिटी वॉर’ म्हणतात. ल्यूक शॉर्ट हा ‘लाँग ब्रांच’ सलूनचा एक मालक. त्याचा भागीदार महापौरपदाची निवडणूक हरला आणि लॉरेन्स डेगर निवडून आला. लगेच नगर परिषदेने सलूनमधल्या बायकांच्या कामाविरुद्ध कायदा केला. त्याखाली ‘लाँग ब्रांच’मधल्या तीन गायिकांना अटक झाली. प्रतिस्पर्ध्यांच्या सलूनमध्ये मात्र सगळं पूर्वीसारखं चालू. शॉर्टला गावाबाहेर काढलं गेलं. मग त्याचे मित्र जमले, त्यांत वायट अर्प आणि बॅट मास्टरसनसुद्धा होते. जूनमध्ये तडजोड झाली. एवढं ‘युद्ध’ म्हणतात, पण त्यात कुणी मेलं नाही.

हा खरा भ्रष्टाचार. ठराव रीतसर, सही रीतसर, अटकही रीतसर. फक्त कायदा लागू होतो तो एकाच दारात. आपल्याकडे नगरपालिकेचं अतिक्रमण पथक एकाच टपरीवर येतं आणि शेजारची टपरी तशीच राहते, तसंच. पण श्रुतिकेला आवाज लागतो. बंदुकीचा आवाज होतो, घोड्याच्या टापांचा होतो. ठरावावर सही करताना कसला आवाज होणार? रेडिओच्या वेस्टर्नमध्ये कागदापेक्षा बंदूक जास्त का, याचं एक कारण इतकं साधं आहे.

दुसरं कारण पैशाचं. १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांवर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा ठपका तिने ठेवला. ‘सॅम स्पेड’ या गुप्तहेर मालिकेचा नायक हॉवर्ड डफ त्या यादीत होता. मालिकेचा प्रायोजक होता वाइल्डरूट हा केसांच्या क्रीमचा ब्रँड. त्याने पाठिंबा काढला आणि नवी मालिका आणली, नायकाचं नाव ‘चार्ली वाइल्ड’. क्रीमच्या नावावरून गुप्तहेराचं नाव! त्याच वर्षाच्या अखेरीस सीबीएसने कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची लेखी हमी मागितली. श्रुतिकेत सत्यासाठी झगडणारा नायक होता, पण त्याला आवाज देणाऱ्या नटावरच्या ठपक्याची सुनावणी कुठल्याच कोर्टात झाली नाही.

आपल्याकडे काय होतं? मद्रासमध्ये १९२४ मध्ये हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने प्रसारण सुरू केलं. १९२७ मध्ये पैशाअभावी ते बंद पडलं, नंतर महापालिकेने चालवलं आणि १९३८ मध्ये सरकारी केंद्र आलं. स्वातंत्र्यानंतर रेडिओ पूर्ण सरकारच्या हाती होता. ‘गनस्मोक’ चालू होती जवळजवळ त्याच दशकात, म्हणजे १९५२ ते १९६२, बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठी जागा दिली, हे मान्य करायलाच हवं. पण काय ऐकायचं हे मंत्रालयाने ठरवायचं, ही सवयही तेव्हाच पक्की झाली. १९६० च्या दशकाच्या शेवटी आकाशवाणीची आचारसंहिता आली. राष्ट्रपती, राज्यपाल आणि न्यायपालिका यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, केंद्र किंवा कुठल्याही राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका नको. यातली काही कलमं वाजवी आहेत. पण डेट्रॉइटचा नियम आठवा. तिथे मालकाने सांगितलं, सत्तेतला माणूस गुन्हेगार दाखवू नका. इथे सरकारने सांगितलं, सरकारवर बोलू नका. तिथला मालक वेगळा, इथला वेगळा. श्रोत्याच्या कानावर जे येत नव्हतं, ते मात्र बरंचसं एकच.

म्हणून आपल्याकडे भ्रष्ट कोतवाल उभा राहिला तो रंगमंचावर. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं. मग कलावंतांनी थिएटर अकादमी काढली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले.

नाटकातला मुलीचा सौदा तेंडुलकरांनी कल्पिलेला आहे, पण घाशीराम खरा होता. पेशवाईत पुण्याचा कोतवाल, म्हणजे या श्रुतिकांच्या भाषेत शहराचा शेरीफ. ऑगस्ट १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मणांना त्याने कोंडून ठेवलं आणि त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. शहर पेटलं. शेवटी जमावाच्या दबावापुढे सरकारने कोतवालाला स्वाधीन केलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

घाशीराम निरपराध नव्हता. तरीही मला नेहमी वाटतं, की त्या दिवशी तुरुंगाच्या दारात कुणी डिलन उभा असता, तर खटला चालला असता. आणि खटल्यात प्रश्न आले असते. याला नेमलं कोणी? इतकी वर्षं याच्या तक्रारी कोणी ऐकल्या नाहीत? दंडाचा पैसा कुठे गेला? दगड हे प्रश्न विचारत नाही. कोतवाल गेला, नाना फडणवीस राहिले. जमावाला वाटलं न्याय मिळाला, पण ज्यांना उत्तरं द्यायला लागली असती त्यांची सुटका झाली.

इथे दोन्ही परंपरांची एकमेकींना गरज दिसते. रेडिओची वेस्टर्न आपल्याला दारात उभं राहायला शिकवते, पण बिल्ला देणाऱ्याची चौकशी करत नाही. दर आठवड्याला तोच मार्शल परत आणायचा, तर त्याच्या वरची व्यवस्था ठीकच आहे असं धरून चालावं लागतं. तेंडुलकरांचं नाटक बोट थेट वर दाखवतं, पण त्यात दारात उभं राहणारं कुणीच नाही.

९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर खासगी एफएम आलं. १ फेब्रुवारी २००४ ला इथे चेन्नईतच अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ हे देशातलं पहिलं कॅम्पस सामुदायिक केंद्र सुरू झालं. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी आजही नाही. गाणी हवी तेवढी, नगरपालिकेचा ठराव मात्र नाही.

तेव्हा यापुढे एखादी मालिका, सिनेमा किंवा बातमी तुम्हाला सांगेल की दोषी सापडला, त्याला धडा मिळाला, तेव्हा टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. खटला चालला का? आणि त्या कोतवालाला नेमलं कोणी?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.