तीन तासांच्या शुगर टेस्टची बॉस्टनमधली गोष्ट



इथे अमेरिकेत गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात लॅबमध्ये ती भयंकर गोड बाटली हातात देतात, आठवतंय? आधी ५० ग्रॅम ग्लुकोज आणि तासाने रक्त. आकडा जास्त आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी उपाशीपोटी १०० ग्रॅम आणि तीन तासांत चार वेळा सुई.

या मोठ्या चाचणीचे आकडे बॉस्टनचे. डॉ. जॉन ओ'सलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर मेहन यांनी ७५२ गर्भवतींची साखर अशीच मोजली. १९६४ साली त्यांनी मर्यादा जाहीर केल्या. सरासरीत दोन 'स्टँडर्ड डेव्हिएशन' मिळवायचे आणि येणारा आकडा पाचाच्या पटीत बसवायचा: ९०, १६५, १४५, १२५. (आम्ही आयटीवालेही रिपोर्टमध्ये आकडे असेच गोल करतो, पण त्यावर कुणाचं गरोदरपण ठरत नाही!) पुढे अख्ख्या रक्ताऐवजी प्लाझ्मातली साखर मोजू लागले, तेव्हा १९८२ मध्ये कारपेंटर आणि कूस्टन यांनी हे आकडे सुधारले: ९५, १८०, १५५, १४०. त्यातले दोन गाठले की निदान.

गंमत म्हणजे ओ'सलिव्हन यांचा प्रश्न बाळाबद्दल नव्हताच. या बाईला पुढे मधुमेह होईल का, एवढंच त्यांना ओळखायचं होतं. बाळाची बाजू नीट मोजली गेली ती २००८ च्या 'हॅपो' अभ्यासात. नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गर्भवती त्यात होत्या. आईची साखर वाढेल तसं बाळ जास्त वजनाचं होण्याचं प्रमाण वाढत गेलं, पण 'इथून पुढे धोका' अशी स्पष्ट रेघ कुठेच सापडली नाही.

म्हणूनच देशोदेशीचे नियम वेगळे. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेल्या पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज, उपाशी राहायची अट नाही, दोन तासांनी एकच सुई आणि मर्यादा १४०. भारत सरकारनेही तीच स्वीकारली. तेव्हा 'आमच्याकडे एका सुईत भागतं' असं सासूबाई फोनवर म्हणाल्या, तर त्या चुकत नाहीत.

ओ'सलिव्हन यांचा मूळ प्रश्न मात्र बाळंतपणानंतर विसरला जातो. साखर खाली येते, पेढे वाटले जातात, बाळाच्या लसींच्या तारखा फ्रिजवर लागतात. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल, तर आईची ७५ ग्रॅमची चाचणी ४ ते १२ आठवड्यांत व्हायला हवी. तेव्हा एचबीएवनसीवर भागवू नका. प्रसूतीतल्या रक्तस्रावामुळे तो आकडा फसवा असू शकतो. चाचणी नॉर्मल आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, आयुष्यभर.