मातीविना रोपे : टाकीची निगा हीच खरी मशागत

अंगण नसलेल्या घरांतही हिरवाई फुलवता येते, हे मातीविना शेतीने सिद्ध केले आहे. सक्करदऱ्यासारख्या दाट वस्तीत खिडकीजवळ किंवा गॅलरीत पालक, पुदिना, लेट्यूस यांची रोपे केवळ पोषकद्रावणावर वाढू शकतात. मात्र मातीची कुंडी चार दिवसांचे दुर्लक्ष सोसते. द्रावणाची टाकी ते सोसत नाही. पाने मलूल झाली की प्रकाशाला वा किडीला दोष दिला जातो. दोष बहुधा टाकीत असतो.

जर्मनीत साक्स व नोप यांनी १८६०च्या सुमारास क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवली. कॅलिफोर्नियातील गेरिक यांच्यामुळे १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ झाले. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४०च्या दशकात कालिम्पाँग येथे स्वस्त साधनांचे प्रयोग केले. होगलँड व आर्नन यांनी मात्र १९३८ मध्येच बजावले होते, की ही पद्धत चांगल्या मातीहून चमत्कारिक उत्पन्न देत नाही. हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

उष्म्याचे संकट

नागपुरात या टाकीचा पहिला शत्रू म्हणजे उन्हाळा. मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो : २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर जेमतेम साडेसात. उष्णतेने मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. या कोंडीत 'पिथियम' ही मूळकूज पसरते. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन त्यांना दुर्गंधी येते व दोन-तीन दिवसांत रोपे माना टाकतात.

द्रावणाचे तापमान १८ ते २४ अंश राखणे उत्तम. त्यासाठी टाकी घरातील थंड कोपऱ्यात ठेवावी. माठाला ओले फडके गुंडाळतात तसे टाकीभोवती ओले पोते गुंडाळल्यास विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगला गुण येतो. पावसाळ्यात या उपायाचा उपयोग नाही. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली आत सोडता येते. मत्स्यटाकीचा हवापंप अखंड चालावा आणि वीज गेल्यास बॅटरीवरचा पंप हाताशी असावा. मुळांचा वरचा काही भाग द्रावणाबाहेर, हवेत राहू द्यावा.

कूलरचा धडा

कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. पाणी उडते, क्षार मागे राहतात. टाकीतही तेच घडते. उन्हाळ्यात रोपे क्षारांपेक्षा पाणी अधिक पितात, द्रावण घट्ट होते व पानांच्या कडा करपतात. म्हणून घटलेली पातळी पोषकद्रावणाने नव्हे, साध्या पाण्याने भरावी. विद्युतवाहकता मोजणारे छोटे यंत्र घेणे इष्ट, पालेभाज्यांना १.२ ते १.८ मिलिसिमेन्स पुरेसे होते.

द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहा असावा. विहीर वा बोअरचे पाणी जड असल्यास तो वारंवार चढतो, त्यामुळे लोह उपलब्ध असूनही रोपांना मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. लिंबाच्या रसाने सामू उतरतो खरा, पण सूक्ष्मजीव तो रस फस्त करतात व सामू पुन्हा वर जातो. सौम्य फॉस्फोरिक आम्ल अधिक टिकाऊ. ते नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी ओतू नये. कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण सल्फेट व फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात मिसळल्यास साका बसतो. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या ठेवून त्या टाकीतील भरपूर पाण्यात एकामागून एक घालाव्यात.

टाकी अपारदर्शक असावी, कारण प्रकाश शिरला की शेवाळ धरते. झाकणाच्या फटी बारीक जाळीने बुजवाव्यात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात आणि उघडी टाकी त्याला कूलरइतकीच सोयीची. दोन-तीन आठवड्यांनी संपूर्ण द्रावण बदलून टाकी घासून धुवावी.

काढलेले द्रावण गटारात सोडू नये. त्यातील नत्र व स्फुरद नाल्यावाटे सक्करदरा तलावासारख्या साठ्यांत पोहोचल्यास शेवाळ आणि जलपर्णीचेच पोषण होते. दुप्पट पाणी मिसळून ते मातीच्या कुंड्यांना, तुळशीला किंवा दारातील झाडांना घालावे.