ब्यूडेसोनाइडची ॲलर्जी

दम्यासाठी पंप किंवा नेब्युलायझरमधून आणि ॲलर्जिक सर्दीसाठी नाकातील फवाऱ्यातून दिल्या जाणाऱ्या ब्यूडेसोनाइड या कॉर्टिकोस्टेरॉइडाची ॲलर्जी. ती विरळ असली, तरी तिचे निदान आणखीच विरळ होते. ॲलर्जी शमवणाऱ्या औषधावर संशय घ्यायचे सहसा कुणाला सुचत नाही.

ही ॲलर्जी बहुतेकदा विलंबित, टी-पेशींमार्फत घडणारी असते. औषध घेतल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी ओठांभोवती, नाकपुड्यांशी, पापण्यांवर खाज सुटते, इसब उठते. पूर्वी स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेली जागा, त्यावर काहीही न लावता, पुन्हा लाल होऊ शकते. मुलाला नेब्युलायझरची वाफ देणाऱ्या आईच्या किंवा परिचारिकेच्या चेहऱ्यावर पुरळ उठल्याच्याही नोंदी आहेत. अंगावर गांधी येणे, घसा सुजणे, ॲनाफिलॅक्सिस हे तत्काळ प्रकार फारच क्वचित आढळतात.

आवाज बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे या तक्रारी मात्र ॲलर्जीच्या नव्हेत. स्पेसर वापरून आणि औषधानंतर चूळ भरून त्या बऱ्याच टळतात. कोरड्या भुकटीच्या औषधांत बहुधा लॅक्टोज असते व त्यात दुधातील प्रथिनांचा अंश राहू शकतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास झाल्यास दोष स्टेरॉइडचा नसतो. नुसते दूध न पचणाऱ्यांना या अंशाची धास्ती नको.

निदान पॅच टेस्टने होते. पाठीवर ब्यूडेसोनाइड आणि टिक्सोकॉर्टॉल पिव्हॅलेट यांच्या पट्ट्या लावतात. स्टेरॉइडांच्या ॲलर्जीचा माग काढणारी हीच दोन प्रमाण द्रव्ये. अडचण अशी, की स्टेरॉइड स्वतःच उठू पाहणारा दाह दाबते. पट्टीच्या मध्यभागी त्वचा स्वच्छ आणि कडेला लाल कडे, असेही दिसते. म्हणून दुसऱ्या व चौथ्या दिवसाच्या तपासणीवर न थांबता सातव्या दिवशीही पाठ पाहावी लागते. घाईने दिलेला ‘निगेटिव्ह’ निष्कर्ष येथे फसवा ठरतो.

1989 मध्ये कूपमन व सहकाऱ्यांनी रेणूंच्या रचनेवरून स्टेरॉइडांचे ए, बी, सी, डी असे गट पाडले. ब्यूडेसोनाइड बी गटात येते. त्याच गटातील ट्रायमसिनोलोन ॲसिटोनाइड आणि डी गटातील हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेटसारखी काही द्रव्येही अशा रुग्णाला बाधू शकतात. बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांची ॲलर्जी तुलनेने कमी आढळत असल्याने पर्याय बहुधा त्यांतून, चाचणी करून, निवडतात. तोवर पंप परस्पर बंद केल्यास दमा उसळण्याचा धोका पुरळापेक्षा मोठा असतो.