सहाध्यायांचे गणगोत

महाराष्ट्रातल्या नव्या शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळा-कॉलेजांच्या सनावळ्यांतून सांगितला जातो. त्या संस्था चालवायला माणसे कुठून मिळाली, हे मात्र वर्गाबाहेर पाहिल्याशिवाय उमगत नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी निबंध वाचण्यासाठी आणि चर्चेसाठी एक सभा काढली. वर्षभरात त्याच सभेतले दादाभाई नौरोजींसारखे तरुण मुंबईत मुलींच्या शाळा चालवू लागले, तेही फावल्या वेळात आणि विनावेतन. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले, ते रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. ही नावे पुढे प्रार्थना समाजाच्या कामात पुन्हा एकत्र दिसतात. टिळक आणि आगरकर यांची गाठ डेक्कन कॉलेजात पडली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, त्यामागे चिपळूणकरांचा पुढाकार होता तसाच या दोघांचा कॉलेजातला निश्चयही होता. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पुढे उपयोगी पडलेली ओळख उपयोगासाठी जोडलेली नव्हती. एकत्र वाचताना, वाद घालताना, पदरमोड करून काही चालवताना प्रत्येकाने दुसऱ्याची कुवत आणि सचोटी पारखली होती. शिफारसपत्रात जे लिहिता येत नाही, ते सोबत्याला आधीच ठाऊक असे.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला माणूस हवा होता. मुंबईत शिकवून गुजराण करणाऱ्या कर्व्यांना १८९१ मध्ये बोलावणे आले ते गोखल्यांकडून. दोघे एल्फिन्स्टन कॉलेजातले सहाध्यायी. कर्वे तिथे १९१४ पर्यंत राहिले, आणि त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाला त्या नोकरीने पाय रोवायला जागा दिली. नरहरपंत जोशी हेही त्यांचे जुने स्नेही. मुंबईत दोघांची बिऱ्हाडे एकत्र होती. १८९३ साली कर्व्यांनी ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या गोदूबाई नरहरपंतांच्याच भगिनी. विद्यार्थिदशेतला स्नेह किती दूर पोचतो, याचा याहून ठसठशीत पुरावा शोधायला नको.

यावर आक्षेप उघड आहे. याला मैत्री कशाला म्हणायचे, ही तर जात! टिळक, आगरकर, गोखले, कर्वे सगळे चित्पावन. आक्षेप निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवत असे: सात घरे, सात दिवस. पोट तर भरेच, शिवाय शहरातली सात कुटुंबे त्याला ओळखू लागत. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला ही सोय नव्हती. त्याच्यापुढे प्रश्न फीचा होता, पण त्याआधी रात्री पाठ कुठे टेकायची याचा होता. उरलेला निम्मा भाग मात्र जातीने सुटत नाही. टिळक-आगरकर एकाच जातीचे असून दुरावले. आणि कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांना भेटलेले नवल भथेना हे पारशी गृहस्थ जन्मभराचे स्नेही झाले, अडीनडीला पैसे पुरवत राहिले. जात दार उघडून देई. आतला स्नेह टिकवणे तिच्या हाती नव्हते.

दाराचाच प्रश्न शाहू महाराजांनी नेमका ओळखला. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य मुलांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. नुसत्या राखीव जागेने काय झाले असते? तिथवर पोचणारी मुले या बोर्डिंगांनी घडवली, आणि खेड्यातून एकट्या आलेल्या मुलाला शहरात प्रथमच स्वतःचे सोबती मिळाले. जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी भिंती पक्क्या केल्या, अशी टीका होते. ती पूर्णपणे खोडता येत नाही. पण त्या काळी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढले असते, तर ते बहुधा ओसच पडले असते. एका पंगतीला बसायला पालक तयार नव्हते, हे विसरून हिशेब मांडता येत नाही.

शिवाय त्या भिंतींना तडाही आतूनच गेला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू केले. मुलांनी एकत्र राहायचे, एकत्र राबायचे, एकत्र जेवायचे. त्या वसतिगृहाला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.