योगशिक्षकांचे प्रशिक्षण व प्रमाणन

योगशिक्षकांचे प्रशिक्षण व प्रमाणन : योगासने, प्राणायाम व तत्संबंधी क्रिया इतरांना शिकविण्याची पात्रता शिक्षकाच्या अंगी आणणे, ती तपासून तिला मान्यता देणे आणि ती पुढेही टिकविणे यांसाठी उभारण्यात आलेली व्यवस्था. वैद्य वा परिचारिका यांचा व्यवसाय नोंदणीच्या कायद्याने बांधलेला आहे. शरीराला वळण लावणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत मात्र मान्यता कोणी द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात सु. शंभर वर्षे चर्चेत आहे. गुरू, संस्था व शासन या तिघांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली.

परंपरेने योगविद्या गुरूकडून शिष्याकडे जात असे. गुरूची अनुज्ञा हीच पात्रता. परीक्षा, मुदत किंवा लेखी दाखला यांना तेथे स्थान नव्हते. नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदास महाराजांच्या दोन शिष्यांनी या पद्धतीला आधुनिक वळण दिले. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योग संस्था (दि योग इन्स्टिट्यूट) स्थापन केली. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था व तिचे योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांकडे कुवलयानंदांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे आखाड्याची शिस्त आणि योग या दोहोंशी त्यांचा परिचय होता. उड्डियान, नौली इ. क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासण्याचा त्यांनी प्रयत्न केला. दूरदूरच्या शिक्षकांना नवे निष्कर्ष कळविणारे साधन या दृष्टीने योगमीमांसेला निरंतर शिक्षणाचा पहिला प्रयत्न म्हणता येईल. मात्र ती इंग्रजीत निघत असल्याने तालुक्याच्या गावच्या मराठी शिक्षकाला तिचा लाभ क्वचितच झाला असावा.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची शासकीय प्रशिक्षण संस्था निघाली. पदवीधरांसाठी पदविका व इतरांसाठी प्रमाणपत्र अशी तेथील दुहेरी व्यवस्था होती. शाळेतील व्यायामशिक्षक हा तोवर बहुधा निवृत्त शिपाई किंवा तालमीतील वस्ताद असे. त्याच्या जागी शरीरशास्त्र व अध्यापनपद्धती शिकलेला शिक्षक येऊ लागला. वस्तादाजवळचे कौशल्य या बदलात मागे पडले, हेही नमूद केले पाहिजे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) उन्हाळी वर्ग भरवून देशी व्यायामाची बाजू सांभाळली. योगाच्या क्षेत्रातील निर्णायक घटना म्हणजे १९५० च्या सुमारास कैवल्यधामात सुरू झालेले गोर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय. ग्रंथपरिचय, शरीररचना, प्रत्यक्ष साधना व पाठ घेण्याचा सराव यांची सांगड घालणाऱ्या तेथील पदविकेमुळे योगशिक्षक हा साधकाहून वेगळा, स्वतंत्र तयारीचा व्यावसायिक ठरला.

संस्थापकाने हयातीतच परीक्षेची व्यवस्था केली नाही, तर काय होते याचे उदाहरण पाश्चात्त्य जगात आढळते. जर्मनीत जन्मलेले योझेफ पिलाटेस (१८८३–१९६७) हे कुवलयानंदांचे समवयस्क. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आपली व्यायामपद्धती विकसित केली आणि १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन ती शिकविण्यास प्रारंभ केला. प्रमाणपत्र त्यांनी फारच थोड्यांना दिले आणि अधिकृत उत्तराधिकारीही नेमला नाही. त्यांच्या पश्चात शिष्यांच्या शाखा झाल्या, नाव वापरण्याच्या हक्कावरून वाद पेटला आणि २००० मध्ये न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे व्यायामप्रकाराचे सामान्य नाम असल्याचा निर्णय दिला. त्या नावाने शिकविण्याची मुभा अशा रीतीने सर्वांना मिळाली. साहजिकच शिक्षकाची पारख कशी करावी, हा प्रश्न तीव्र झाला. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या शिक्षकसंघटनेने स्वेच्छेची परीक्षा सुरू केली. तिचे प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचे पुढील शिक्षण आवश्यक असते.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांच्या परंपरेत गुरू व परीक्षा या दोहोंचा मेळ दिसतो. त्यांच्या पद्धतीची औपचारिक मान्यता प्रथम आवश्यक झाली ती पुण्यात नव्हे, तर लंडनमध्ये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या सायंवर्गांत योगाला प्रवेश दिला, तेव्हा शिक्षक अय्यंगारांनी मान्य केलेले असावेत, अशी अपेक्षा ठेवली. सार्वजनिक पैशातून वेतन द्यावयाचे, तर पात्रतेचा पुरावा हवा, असा हा सरळ व्यवहार होता. १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योगसंस्था उघडली. पुढे अनेक देशांतील संघटनांनी श्रेणीनिहाय परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. प्रशिक्षणापूर्वी काही वर्षांची साधना मान्यताप्राप्त शिक्षकाच्या हाताखाली झालेली असावी, ही अट त्यांत महत्त्वाची मानली जाते. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या योग अलायन्सने याउलट २०० व ५०० तासांच्या अभ्यासक्रमांचे मोजमाप रूढ केले. तास मोजणे सोपे असल्याने ते जगभर पसरले. शिक्षकाची नजर आणि हात किती तयार झाले, हे त्यावरून कळत नाही.

या सर्व घडामोडींची केंद्रे मुंबई, लोणावळे, पुणे व अमरावती ही होती. मराठवाड्यातील स्थिती वेगळी होती, हे परभणी जिल्ह्यावरून दिसून येते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सार्वजनिक सभा, खासगी शाळा व व्यायामशाळा यांवर संस्थानी परवानगीची बंधने होती. १९३८ ची कांदिवलीची योजना मुंबई प्रांतापुरती असल्यामुळे परभणीचा तिच्याशी प्रशासकीय संबंध १९५६ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी आला. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, तर नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. परभणी जिल्हा आता नांदेडच्या कक्षेत येतो. परभणी हे रेल्वेचे मोठे प्रस्थानक असले, तरी जिंतूर, पाथरी वा पालम येथील शिक्षकाला लोणावळ्यात राहून वर्षभराची पदविका घेणे म्हणजे पगारावर व शेतावर पाणी सोडणे होते. त्यामुळे अशा तालुक्यांत योगवर्गाचा भार बहुधा शाळेतील शारीरिक शिक्षकावर किंवा सेवाभावी साधकावर पडला.

या सेवाभावी शिक्षकाचा विचार प्रमाणनाच्या चर्चेत पुरेसा झालेला नाही. नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याची अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांनी जुन्या साधकांतूनच शिक्षक तयार करून विनामूल्य वर्ग चालविले. जो शिकविण्याचे शुल्क घेत नाही, त्याने परीक्षेचे शुल्क व प्रवासखर्च का सोसावा, हा त्यांचा आक्षेप निराधार नाही. तथापि वर्ग विनामूल्य असला, तरी चुकीच्या आसनाने होणारी इजा टळत नाही. शीर्षासनात नेत्रगोलातील दाब दुपटीच्या आसपास जातो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आढळले. काचबिंदूच्या रुग्णाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. १९६० किंवा १९८० मध्ये पदविका घेतलेल्या शिक्षकाला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एकदा मिळालेला दाखला जन्मभर पुरत नाही तो यामुळे.

केंद्र शासनाने २०१४ मध्ये आयुष मंत्रालय स्थापन केले. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा झाला आणि त्याच वर्षी भारतीय गुणवत्ता परिषदेकडे योगव्यावसायिकांच्या ऐच्छिक प्रमाणनाचे काम आले. २०१८ मध्ये त्यासाठी योग प्रमाणन मंडळ नेमण्यात आले. त्याच्या परीक्षेत लेखी व प्रात्यक्षिक असे दोन भाग असून प्रारंभिक प्रशिक्षकापासून योगगुरूपर्यंत श्रेणी ठरविल्या आहेत. उमेदवार कोठे शिकला यापेक्षा त्याला काय येते हे पाहण्याचे धोरण परभणीसारख्या जिल्ह्याला अनुकूल आहे. कारण तेथील अनेक शिक्षकांपाशी अनुभव आहे, संस्थेचे नाव नाही.

शालेय शिक्षकांची व्यवस्था निराळी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी शारीरिक शिक्षणाची पदवी दोन वर्षांची केली व अध्यापक-प्रशिक्षणात योगशिक्षणाचा समावेश केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी शिफारस आहे. खासगी वर्ग घेणाऱ्या योगशिक्षकाला ती लागू होत नाही. भारतीय वैद्यक पद्धतींसाठी २०२० मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा यांचा अंतर्भाव असून योग व निसर्गोपचार त्याबाहेर ठेवण्यात आले आहेत.