धर्म-शासन विभक्ततेच्या खटल्यांतील वकीलशुल्क : अमेरिकी कायदे व विधेयके

शासनाने एखाद्या धर्माला आश्रय दिल्याची तक्रार घेऊन नागरिकाने न्यायालयात दावा लावला आणि तो जिंकला, तर त्याच्या वकिलाची फी कोणी द्यायची, या प्रश्नासंबंधीची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विधिरचना. संघराज्याच्या संहितेतील बेचाळिसाव्या भागाचे १९८८ वे कलम हा तिचा पाया होय. या कलमातून केवळ धर्मस्थापनेविषयीचे खटले वगळण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न २००५-०६ मध्ये ‘पब्लिक एक्स्प्रेशन ऑफ रिलिजन ॲक्ट’ या विधेयकाद्वारे झाला. ते प्रतिनिधीगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडले.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत धर्माविषयी दोन उपबंध आहेत. शासनाने धर्मस्थापना करू नये, हा पहिला (यापुढे ‘स्थापनाबंदी’) आणि नागरिकाच्या धर्माचरणात शासनाने आडकाठी आणू नये, हा दुसरा (‘मुक्त आचरण’). दोन्ही उपबंध एकाच वाक्यात आहेत. वकीलशुल्काच्या वादात मात्र त्यांची ताटातूट करण्याचा प्रयत्न झाला, म्हणून हा तपशील येथे आरंभीच नोंदवला आहे.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये हरलेल्या पक्षकाराने जिंकलेल्याचा खर्च सोसावा असा प्रघात आहे. अमेरिकेत याउलट ज्याने त्याने आपापल्या वकिलाची फी भरावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पैशांच्या दाव्यात हा नियम फारसा जाचक ठरत नाही, कारण वसूल झालेल्या रकमेतून फी देता येते. शाळेतील सक्तीची प्रार्थना किंवा न्यायालयाच्या आवारातील धर्मशिला यांविरुद्धच्या दाव्यात वसूल होण्याजोगी रक्कमच नसते. हातात पडतो तो मनाई हुकूम, आणि त्यातून वकिलाचे बिल भागत नाही.

इलिनॉयमधील शँपेन येथील व्हाश्टी मॅकलम यांनी सार्वजनिक शाळेतील धर्मशिक्षणाच्या तासांविरुद्ध दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयात १९४८ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी यशस्वी झाला. दरम्यान गावाचा रोष त्यांच्या कुटुंबाला सोसावा लागला. त्या काळी अशा खटल्यांत शुल्कवसुलीचा कोणताही कायदा नव्हता. अशा खटल्यांतील वादी पुढेही अनेकदा नाव गुप्त ठेवूनच लढले. टेक्ससमधील सँटा फे शाळा जिल्ह्याविरुद्धच्या २००० सालच्या निकालात वादी ‘डो’ या टोपणनावानेच नोंदलेले आहेत.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यात काही प्रकरणांपुरती फी मिळण्याची तरतूद आली. तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूमन विरुद्ध पिगी पार्क’ (१९६८) या निकालात लावला. साउथ कॅरोलायनातील खाद्यगृहांच्या एका मालकाने कृष्णवर्णीयांना बसून जेवू देण्याचे नाकारले होते, आणि वंशमिश्रण ईश्वरेच्छेविरुद्ध आहे, असा बचावही घेतला होता. न्यायालयाने तो बचाव निव्वळ फोल ठरवला. असा दावा लावणारा नागरिक स्वतःपुरता लढत नसून खाजगी महाधिवक्त्याचे काम करतो, तेव्हा जिंकल्यावर त्याला सामान्यतः फी मिळालीच पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. कनिष्ठ न्यायालये हे तत्त्व इतरत्रही लावू लागली. अलास्कातील तेलवाहिनीसंबंधीच्या ‘अल्येस्का’ निकालाने (१९७५) त्याला खीळ बसली : कायद्यात तसे लिहिलेले नसेल, तर न्यायाधीशांनी आपल्या मनाने फी देऊ नये.

१९७६ चा कायदा : अल्येस्का निकालाला उत्तर म्हणून काँग्रेसने (संघराज्याच्या विधिमंडळाने) नागरी हक्क वकीलशुल्क कायदा केला. १९ ऑक्टोबर १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. १८७१ च्या कायद्यातून आलेल्या १९८३ व्या कलमाखाली राज्य किंवा स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध घटनाभंगाचा दावा जिंकणाऱ्याला न्यायालय वाजवी वकीलशुल्क देऊ शकते, हा त्याचा गाभा. शब्दयोजना ऐच्छिक असली, तरी जिंकलेल्या वादीच्या बाबतीत व्यवहारात ती जवळजवळ नियम बनली. प्रतिवादी जिंकल्यास मात्र वादीचा दावा उथळ किंवा निराधार असेल तरच त्याला फी मिळते (ख्रिश्चन्सबर्ग निकाल, १९७८).

फी ठरवण्याची रीत ‘हेन्स्ली’ निकालाने (१९८३) रूढ केली : वाजवी तास गुणिले वाजवी दर. हा दर बाजारातला असावा आणि पगारी वकील नेमणाऱ्या ना-नफा संस्थांनाही तोच मिळावा, असे ‘ब्लम’ निकालाने (१९८४) ठरवले. पुढच्या साऱ्या तक्रारीचे मूळ या निकालात आहे. नागरी स्वातंत्र्यासाठी खटले लढवणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनसारख्या संस्थेला खर्च येतो पगाराचा आणि वसुली होते बाजारभावाने, असा तो आक्षेप.

धर्माचरणाच्या बाजूने लढणाऱ्यांनाही हेच कलम उपयोगी पडते. १९९३ चा धार्मिक स्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा आणि २००० चा धार्मिक भूवापराचा कायदा, हे दोन्ही काँग्रेसने १९८८ व्या कलमाच्या यादीत नावानिशी घातले आहेत. संघशासनाविरुद्धच्या दाव्यांत फीचा आधार १९८० च्या ‘इक्वल ॲक्सेस टु जस्टिस’ कायद्यात आहे.

गाजलेली बिले : अलाबामाचे सरन्यायाधीश रॉय मूर यांनी २००१ साली माँटगोमेरी येथील न्यायभवनात बायबलमधील दशाज्ञांची ५,२८० पौंड वजनाची शिला बसवली. ती हटवण्याचा आदेश त्यांनी मानला नाही आणि २००३ मध्ये त्यांचे पद गेले. वादींच्या वकिलांना राज्याने सुमारे ५ लाख ४९ हजार डॉलर दिले. केंटकीतील मॅकक्रीरी परगण्याच्या दशाज्ञा खटल्याचे (२००५) बिलही साडेचार लाखांवर गेले.

पेनसिल्व्हेनियातील डोव्हरचा खटला या विषयात सर्वाधिक उद्धृत होतो. शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये जीवशास्त्राच्या तासाला सजीवसृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार मानणाऱ्या ‘बुद्धिमान रचना’ सिद्धान्ताचा उल्लेख सक्तीचा केला. अकरा पालक न्यायालयात गेले. मंडळाची बाजू एका ख्रिस्ती विधिसंस्थेने विनामूल्य लढवली, त्यामुळे लढा फुकटात होतो आहे, असाच अनेकांचा समज होता. नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी ते मंडळ घरी बसवले आणि डिसेंबरात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी धोरण घटनाबाह्य ठरवले. वादींचे बिल वीस लाख डॉलरांहून अधिक होते. जिल्हा लहान आणि मंडळ नवे, हे लक्षात घेऊन वकिलांनी दहा लाखांवर तडजोड केली. फेब्रुवारी २००६ मध्ये मंजूर झालेला आकडा १०,००,०११ डॉलर असा होता. वरचे अकरा डॉलर म्हणजे प्रत्येक पालकाला एकेक डॉलरची नाममात्र भरपाई. धोरण आणणाऱ्यांना झळ लागली नाही. ती नव्या मंडळाला आणि करदात्यांना लागली. विधेयकाच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही डोव्हरकडेच बोट दाखवले.

सॅन दिएगोचे उदाहरण समर्थकांच्या अधिक कामाचे आहे. बाल्बोआ पार्कमधील जागा, सदस्यांकडून ईश्वरश्रद्धेची अपेक्षा ठेवणाऱ्या बॉय स्काउट्सना नाममात्र भाड्याने दिल्याबद्दल तिथे दावा झाला. शहराने जानेवारी २००४ मध्ये साडेनऊ लाख डॉलर देऊन आपल्यापुरते प्रकरण मिटवले. स्काउट्स लढत राहिले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. शहराने दिलेले पैसे तोवर गेलेले होते. ही तक्रार खरी आहे आणि ती टाळून या विषयाची नोंद पूर्ण होऊ शकत नाही.

लॉस एंजलिस परगण्याच्या मुद्रेवर एक बारीकसा क्रूस होता. २००४ मध्ये केवळ वकिली पत्र आले, दावा झाला नाही, तरी पर्यवेक्षक मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी मुद्रा बदलली. २०१४ मध्ये क्रूस परत घेण्याचा ठराव झाला आणि २०१६ मध्ये संघ न्यायालयाने तो रद्द केला.

२००५-०६ चे विधेयक : इंडियानाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन हॉस्टेटलर यांनी मे २००५ मध्ये प्रतिनिधीगृहात विधेयक क्र. २६७९ मांडले. अलाबामाच्या शिलेचा निकाल अंमलात आणण्यास संघनिधी वापरू नये, अशी दुरुस्ती त्यांनी २००३ मध्येही मांडली होती. नंतर विधेयकाच्या नावात माजी सैनिकांची स्मारके, बॉय स्काउट्स आणि सार्वजनिक मुद्रा यांची भर पडली. नावाची ही लांबण मतदारांच्या भावनेला हात घालणारी होती.

तरतुदी दोन. स्थापनाबंदीच्या दाव्यात राज्य व स्थानिक शासनाविरुद्ध मनाई हुकूम आणि हक्क जाहीर करणारा निवाडा एवढेच मिळेल, भरपाई नाही. म्हणजे डोव्हरचे ते अकरा डॉलरही नाहीत. आणि अशा दाव्यात वकीलशुल्क मुळीच मिळणार नाही, मग प्रतिवादी स्थानिक संस्था असो की संघशासन. मुक्त आचरणाच्या दाव्यांना यातले काहीच लागू नव्हते.

स्थानिक संस्था बिलाच्या धास्तीने, बाजू न्याय्य असतानाही, माघार घेतात, असा हॉस्टेटलर व समर्थकांचा युक्तिवाद होता. माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेने विधेयकासाठी देशभर मोहीम चालवली. आज मुद्रेवरचा क्रूस, उद्या सैनिकी दफनभूमीतले क्रूस, ही भीती तिच्या प्रचारात होती. विरोधात अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन व धर्म-शासन विभक्ततेसाठी काम करणारी ‘अमेरिकन्स युनायटेड’ यांच्यासोबत बाप्टिस्टांची एक संयुक्त समितीही होती. धर्मनिष्ठांचाच एक गट स्थापनाबंदीचे रक्षण मागत होता, हे येथे ध्यानात घ्यावे. थडग्यावरचे चिन्ह कुटुंबाच्या इच्छेने येते, त्याला शासनाची धर्मस्थापना म्हणता येत नाही, असे विरोधकांचे उत्तर होते.

थडग्यांविषयीचा खटला झाला तो उलट्या दिशेने. विक्का या निसर्गपूजक पंथाच्या सैनिकांच्या थडग्यांवर पंचकोनी तारा कोरण्यास माजी सैनिक विभाग परवानगी देत नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये दावा लागला, एप्रिल २००७ मध्ये विभागाने ते चिन्ह मान्य केले आणि वकीलशुल्कापोटी २ लाख २५ हजार डॉलर दिले. चिन्ह पुसण्यासाठी नव्हे, कोरण्यासाठी झालेला हा खर्च होता.

२६ सप्टेंबर २००६ रोजी प्रतिनिधीगृहाने विधेयक २४४ विरुद्ध १७३ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये कॅन्ससचे सॅम ब्राउनबॅक यांनी समांतर विधेयक आणले होते. त्यावर २ ऑगस्टला उपसमितीची सुनावणी झाली, पण सभागृहात मतदान झालेच नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हॉस्टेटलर पराभूत झाले आणि जानेवारी २००७ मध्ये काँग्रेसची मुदत संपताच विधेयक बाद झाले. त्याच वर्षी प्रतिनिधी डॅन बर्टन व सिनेटर ब्राउनबॅक यांनी ते पुन्हा मांडले. पुढे काही झाले नाही.

मूल्यमापन : अवाजवी बिलांवर उपाय करायचा असता, तर दरांना कमाल मर्यादा घालता आली असती. कैद्यांच्या खटल्यांबाबत काँग्रेसने १९९६ मध्ये तेच केले होते. लहान शाळा जिल्ह्यांसाठी विम्याची सोयही करता आली असती. विधेयकाने यातले काही केले नाही. एकाच वाक्यातील दोन उपबंधांपैकी एकाचे वकील फुकट राबावेत आणि दुसऱ्याचे पैसे घेऊन, असा भेद त्याने केला. यात सर्वांत मोठा तोटा गावातील अल्पसंख्य कुटुंबाचा होता, मग ते ज्यू असो, नास्तिक असो वा बाप्टिस्टांच्या गावातले कॅथलिक असो. धनिक वादी तरीही लढला असता. दावा लावायलाच वकील मिळाला नाही, तर हक्काला कागदाबाहेर अस्तित्व उरत नाही.

हा भेद किती कृत्रिम होता, हे पुढच्या घटनांनी दाखवले. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथे सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणारा फुटबॉल प्रशिक्षक २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. शाळा जिल्ह्याने स्थापनाबंदीच्या निकालांना भिऊनच त्याला रोखले होते. २०२३ मध्ये त्याच्या वकिलांना १७ लाख ७५ हजार डॉलर देण्याचे जिल्ह्याने मान्य केले. कोविडकाळातील निर्बंधांविरुद्ध जिंकलेल्या चर्चच्या वकिलांनाही कॅलिफोर्नियाने मोठ्या रकमा दिल्या. २००६ चे विधेयक कायदा झाले असते, तरी ही सर्व बिले तशीच लागू राहिली असती.

राज्यांचे कायदे : वर्गात दशाज्ञा लावण्याची सक्ती करणाऱ्या टेक्ससच्या २०२५ च्या कायद्यात शाळांचा बचाव राज्याच्या महाधिवक्त्याने करावा आणि खर्चाचा बोजा राज्याने उचलावा, अशी तरतूद आहे.

भारत : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५ व्या कलमाप्रमाणे खर्च सामान्यतः हरणाऱ्यावर पडतो, धर्मविषयक घटनात्मक याचिकांसाठी वेगळी शुल्कव्यवस्था नाही.

अलीकडील स्थिती : शुल्कवसुलीवर मर्यादा आल्या त्या न्यायालयांतून. प्रतिवादीने निकालाआधीच आपणहून धोरण बदलले, तर वादी ‘जिंकला’ असे धरता येत नाही, हे ‘बकहॅनन’ निकालाने (२००१) ठरवले. ‘लॅकी विरुद्ध स्टिनी’ (२५ फेब्रुवारी २०२५) हा निकाल त्यापुढे गेला. व्हर्जिनियात न्यायालयीन दंड थकल्यास वाहन परवाना निलंबित होत असे. वादींनी त्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, नंतर विधिमंडळाने तो कायदाच रद्द केला आणि खटला निरर्थक ठरला. तात्पुरत्या हुकुमावर वादी जिंकलेला पक्षकार ठरत नाही, सबब फी नाही, असे न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले. हा खटला धर्माचा नव्हता, पण त्याचा परिणाम धर्मविषयक खटल्यांवर थेट होतो, कारण शाळेतील प्रार्थना किंवा दशाज्ञांच्या प्रकरणांत पहिली आणि अनेकदा शेवटची लढाई तात्पुरत्या हुकुमाचीच असते. टेक्ससमधील पालकांना दशाज्ञांच्या कायद्याविरुद्ध ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालेला हुकूमही तात्पुरताच होता. तात्पुरत्या हुकुमावर फी द्यायची असेल तर तसा कायदा काँग्रेसने करावा, असे लॅकी निकालात बहुमताने नमूद केले आहे.