अजुरा आणि बक्षिसी

दाराशी वस्तू घेऊन आलेल्या माणसाच्या हातावर वरचे दहा-वीस रुपये ठेवायचे की नाही, ठेवायचे तर किती, आणि रोख द्यायचे की ॲपमधून, हा प्रश्न आता लहान शहरांतल्या घरांतही पडू लागला आहे. मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांत यावर एकदा चांगलाच वाद झाला. एकाचे म्हणणे, कंपनी त्याला पैसे देते, मी का द्यावेत? दुसऱ्याचे म्हणणे, गरीब मुलगा आहे, दिले तर काय बिघडले? मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझे कान आधी शब्दांकडे जातात. मला वाटले, हे दोघेही दोन वेगळे हिशेब एकाच वहीत लिहीत आहेत. एक हिशेब मजुरीचा, दुसरा खुशीचा. आणि या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की नुकसान कोणाचे होते, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत निरोप आणि पत्रे पोचवणाऱ्यांची बरीच नावे येतात. जासूद, कासीद, हरकारा. त्यांतलाच एक शब्द अजुरदार. अजुरा म्हणजे खेपेपुरती ठरलेली मजुरी, आणि ती घेऊन पत्र पोचवणारा तो अजुरदार. आजच्या भाषेत बोलायचे तर ऑर्डरमागे पैसे घेणारा. हा शब्द आज मराठीच्या वापरातून गेला, पण उर्दूत त्याचा सख्खा भाऊ जिवंत आहे : उजरत. दोन्ही अरबीतून आले आणि दोघांचे मूळ एकच, अज्र. अज्र म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. ईश्वराकडून मिळणाऱ्या मोबदल्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे या शब्दात दयेचा अंश नाही, हक्काचा आहे. उजरत ही काम सुरू होण्याआधी ठरलेली असली पाहिजे, असे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी म्हणूनच बजावून ठेवले आहे. मजुराला किती मिळणार हे माहीत नसताना त्याला राबवून घेणे हा सौदाच त्यांनी सदोष ठरवला.

बक्षीस हा शब्द फारसीचा. बख्शणे म्हणजे देऊन टाकणे, माफ करणे. आपण मृतांसाठी दुआ मागतो तेव्हा हेच क्रियापद वापरतो. मराठीने तो शब्द शाळेच्या बक्षीस समारंभात नेला, वकिलाच्या बक्षीसपत्रात नेला आणि हॉटेलातल्या वेटरच्या बशीतही ठेवला. या शब्दाला उतार आहे. बक्षीस नेहमी वरून खाली येते. दरबारात खालून वर जायची ती नजर किंवा नजराणा. वरून खाली यायची ती खिलअत, इनाम, बक्षीस. बरोबरीचे लोक एकमेकांना देतात ती भेट, तोहफा. साहेबाला कोणी बक्षीस दिल्याचे मी ऐकलेले नाही.

घरपोच माल ही कल्पना मात्र नवी नाही. मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात, १३३३ साली इब्न बतूता हिंदुस्थानात आला आणि इथल्या डाकेचे त्याने बारकाईने वर्णन केले. घोड्यांची डाक होती, आणि पायी धावणाऱ्यांचीही होती. मैलाच्या एकेक तृतीयांशावर चौकी. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरू वाजले की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार. इब्न बतूताच्या मते ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती. या डाकेने खुरासानची ताजी फळे सुलतानासाठी आणली जात. सुलतान आपल्या दौलताबादेत असताना तर पिण्यासाठी गंगेचे पाणी तिथवर येई, आणि ते अंतर चाळीस दिवसांच्या वाटेचे होते. (मोठे गुन्हेगारही खाटेवर घालून, डोक्यावर उचलून याच पद्धतीने पळवत नेत, असे तो सांगतो. ती डिलिव्हरी कोणी मागवली नसेल.) सुलतानाचे नाव आपल्याला पाठ आहे, प्रवाशाचेही आहे. घुंगरू वाजवत धावणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

गावगाड्यात गोष्ट वेगळी होती. सुतार, लोहार, न्हावी, मुलाणा यांना खळ्यावर जे धान्य मिळे ते बलुते, आणि बलुते हा हक्क होता. तो कमी पडला तर तक्रार करता येई, गोत बसे, निवाडा होई. बलुतेदारीत जातीची उतरंड होती, जाच होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बलुते आणि सणाला मिळणारी पोस्त यांत गाव गल्लत करत नव्हते. पोस्त म्हणजे दिवाळीला, शिमग्याला वरून दिलेली खुशी. ती नाही मिळाली तर माणूस नाराज होई, दाद मागायला जात नसे.

पोस्त हा शब्द पुढे पोस्टमनला असा काही चिकटला की अनेकांना तो पोस्टावरूनच आला असे वाटते. कोकणातल्या मुसलमान घरांना हे वेगळे सांगायला नको. घरचा कर्ता जहाजावर, मुंबईत किंवा पुढच्या काळात आखातात, आणि घर मनीऑर्डरवर. भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि तिच्याबरोबर दाराशी पैसे घेऊन येणारा माणूस आला. त्याला चहा, नारळ, ईदेला शिरखुर्मा, आणि नोटांमधला एखादा रुपया मिळे. कधी तो स्वतःच ‘सुट्टे नाहीत’ म्हणून ठेवून घेई. पण पोस्टमनला सरकारी पगार होता, निवृत्तिवेतन होते. वरचा रुपया खरोखरच वरचा होता. तो मिळाला नाही म्हणून त्याच्या घरची चूल विझत नव्हती.

मुंबईच्या डबेवाल्यांचा हिशेबही असाच स्वच्छ आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ भागातली माणसे आली. गिऱ्हाइकाने महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे, आणि दिवाळीला एक महिन्याचे जास्तीचे. हे जास्तीचे पैसे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत, रीतच आहे. ‘या महिन्यात डबा दोनदा उशिरा आला, म्हणून अर्धेच देतो’ असे गिऱ्हाईक म्हणत नाही.

याच मुंबईत, याच एका महिन्याच्या पैशांवरून, शंभर वर्षांपूर्वी मोठा संघर्ष झाला. पहिल्या महायुद्धानंतर कापड गिरण्यांना भरमसाट नफा झाला. मालकांनी सलग चार वर्षे कामगारांना वर्षाकाठी एक महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला. कामगारांनी तो धरून संसार बसवले, गावाकडचे कर्ज त्याच्यावर फेडले. १९२३ साली मंदी आली आणि मालकांनी जाहीर केले की यंदा बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगारांनी काम थांबवले. त्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी कामगार होते, आणि मदनपुऱ्यात राहणारे, उत्तरेतून आलेले मोमीन विणकरही होते. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा की कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही. रिवाजाने नाही, कायद्याने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. थोडक्यात, ती बक्षिसी होती. मालकाने दिली, मालकाने थांबवली.

पुढे चाळीस वर्षे हा वाद कोर्टांत आणि रस्त्यांवर चालला, तेव्हा कुठे १९६५ चा बोनस कायदा आला. आज किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के आहे. गणिताच्या मास्तरांना विचारा, ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. १९२४ मध्ये जी खुशी म्हणून नाकारली, तीच रक्कम हक्क होऊन परत आली. माझ्या मते बक्षिसीच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला एक ओळही मिळत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. अमेरिकेत टिप हळूहळू पगाराच्या जागी जाऊन बसली. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी चालते, बाकीचे टिपमधून भरून निघायचे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मग ॲप आले. माल पोचवणाऱ्या चालकांना गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिपचा काही भाग ॲमेझॉनने आपण कबूल केलेली मजुरी भरून काढायला वापरला, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२१ मध्ये कंपनीने ६ कोटी १७ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. गिऱ्हाईक समजत होते आपण बक्षिसी देतो आहोत. प्रत्यक्षात ते अजुरा भरत होते.

आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ साली असे ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने त्यांना पहिल्यांदा कायद्यात नाव दिले. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकात प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के इतके शुल्क कंपन्यांनी कल्याण निधीत भरायचे आहे. ही बलुत्याच्या, बोनसच्या वाटेवरची पावले आहेत. दुसरीकडे मे २०२५ मध्ये गाडी येण्याआधीच टिप मागण्याच्या प्रकारावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस पाठवली. कामाआधी द्यावी लागणारी ‘खुशी’ म्हणजे काय, यासाठी मराठीत चिरीमिरी हा नेमका शब्द आहेच.

मग आपण काय करायचे? मी देतो, आणि रोख देतो. माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. तो म्हणतो, ॲपमधली टिप आठवड्याच्या हिशेबात मिसळून येते, रोख वीस रुपयांचे पेट्रोल लगेच पडते. टक्केवारीचा अमेरिकी हिशेब इथे मला पटत नाही. दोनशेची बिर्याणी आणि दोन हजारांची बिर्याणी, जिने तेवढेच चढावे लागतात. पाऊस, ऊन, मजला आणि ओझे पाहून द्यावे. ‘उरलेले तीन रुपये ठेव’ ही टिप नव्हे. पैसे हातात द्यावेत, कठड्यावर ठेवू नयेत. वरून टाकून देण्याचा आपल्या देशात काय अर्थ होता, हे सांगायला नको. ज्या सोसायटीत त्याला लिफ्ट वापरू देत नाहीत, तिथे पन्नास रुपये देण्यापेक्षा सभेत उठून बोलणे जास्त उपयोगाचे. आणि देताना त्याचे गाव, घर, जात विचारू नये. वीस रुपयांत चौकशीचा हक्क येत नाही.

नाव तर ॲपवर दिसतेच. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने जेवण आणणारा मुसलमान आहे म्हणून ऑर्डर रद्द केली आणि झोमॅटोने दुसरा माणूस द्यायला नकार दिला, ही बातमी देशभर गाजली. माझा विद्यार्थी तेव्हा दहावीत होता. आज तो म्हणतो, दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते, सर. तोंडाने कोणी काही बोलत नाही, पण तारे कमी पडतात, आणि तारे कमी पडले की पुढच्या खेपांवर परिणाम होतो. म्हणून टिप देणे न जमले तरी पाच तारे जरूर द्यावेत. त्याला पैसा लागत नाही.

आमच्या मोहल्ल्यात रमजानभर पहाटे सेहरीसाठी उठवत फिरणारा माणूस असतो. त्याला पगार कोणी देत नाही, ईदेला सगळा मोहल्ला ईदी देतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. काही जण तीच पट्टी लावून म्हणतात, डिलिव्हरीवाल्यांनाही रमजानमध्ये जकातीतून देऊन टाकू. जकातीचा हिशेब वेगळा ठेवावा, निदान मी तरी ठेवतो. त्यापेक्षा दुसरे एक करता येईल. मगरिबची अजान व्हायला पंधरा मिनिटे असताना फळे, भजी, सरबत मागवणारी घरे आपलीच असतात, आणि ते घेऊन येणाऱ्यांतही रोजेदार मुले असतात. सिग्नलवर गाडी उभी करून, बाटलीतल्या पाण्याने रोजा सोडताना मी त्यांना पाहतो. ऑर्डर तासभर आधी द्यावी. ते राहून गेले असेल, तर दाराशी खजूर आणि पाणी तयार ठेवावे, आणि तो खाईपर्यंत ओटीपी सांगायची घाई करू नये.